जखम भरली, रोग राहिला

गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम दुखत नाही आणि सगळी फसगत तिथूनच सुरू होते. संबंध आल्यानंतर १० ते ९० दिवसांत केव्हाही, बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास, लिंगावर, योनीच्या तोंडाशी, कधी गुदद्वाराजवळ किंवा ओठावर एक फोड येतो. त्याची जखम होते, कडा कडक लागतात. खाज नाही, ठणका नाही. बाईच्या बाबतीत ती आत असली तर दिसतसुद्धा नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते, औषध घेतलं तरी आणि न घेतलं तरी. मधल्या काळात कोणी वैदूचा लेप लावलेला असतो, कोणी मेडिकलमधून मलम आणलेलं असतं, कोणी नवस बोललेला असतो. जखम भरते आणि श्रेय त्या उपायाला जातं. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, तांबूस चट्टे उठतात. तोवर त्या फोडाची आठवणही राहिलेली नसते. 'उष्णता झालीया', 'रक्त बिघडलंय' असं म्हणून पथ्य सुरू होतं. यथावकाश चट्टेही जातात, आणि मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही. जंतू मात्र शरीरात मुक्कामाला असतो. उपचार न झालेल्या काहीजणांत तो दहा-वीस-तीस वर्षांनी महारोहिणीत, मेंदूत किंवा मज्जारज्जूत वर डोकं काढतो.

या पुस्तकाच्या वाचकाला मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. लिंगसंबंधातून होणाऱ्या संसर्गांमध्ये बरं वाटणं आणि बरं होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुखण्यावरून आजार मोजायची सवय आहे. ताप उतरला की कामावर, खोकला थांबला की बाटली कपाटात. ही सवय इतर आजारांत बरीचशी चालून जाते, इथे ती माणसाला आणि त्याच्या घरातल्या माणसाला बुडवते.

पुस्तक पेठ वडगावच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. वडगाव हे पिढ्यान्‌पिढ्या बाजाराचं गाव. हातकणंगले तालुक्यातलं, हमरस्त्यापासून जवळ. एका अंगाला वारणेचा ऊसपट्टा, दुसरीकडे शिरोलीची एमआयडीसी, पलीकडे इचलकरंजीचे माग. सेनापती धनाजी जाधवांची समाधी इथे आहे, ती बघायला येणारे येतात. पण त्याहून कितीतरी जास्त माणसं रोज खरेदीला, कामाला, बदली गाडी पकडायला येतात. बाजाराच्या गावात बाहेरून आलेल्या माणसाला कोणी ओळखत नाही. त्यामुळे आसपासच्या खेड्यातला माणूस आपल्या गावच्या डॉक्टरला टाळून वडगावच्या दुकानात गोळ्या मागतो. वडगावचा माणूस त्याच कारणासाठी कोल्हापूर गाठतो आणि कोल्हापूरचा सांगली-मिरजेला जातो. प्रत्येकजण एक गाव पुढे. या धावपळीत पूर्ण तपासणी कुठेच होत नाही, कारण तोंड चुकवायला गेलेला माणूस कपडे काढून दाखवायला थांबत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' असं लिहिणाऱ्यांचा धंदा याच लाजेवर चालतो. तिथे धात जाण्याची भीती घालून पैसे काढले जातात, आणि खरा संसर्ग असलेला तरुण त्याच रांगेत बसून चूर्ण घेऊन परततो.

लघवीला जळजळ झाली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो. धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. उन्हातान्हात रानात राबणाऱ्या माणसाला उन्हाळी खरोखरच लागते, त्यामुळे हा उपाय वेडेपणाचा नाही. पण संबंधानंतर दोन ते सात दिवसांत जळजळ सुरू झाली आणि सोबत लिंगातून पिवळा पू आला, तर तो परमा, म्हणजे गनोरिया, असण्याची दाट शक्यता असते. धण्याच्या पाण्याने परम्याचा जंतू मरत नाही. पुरुषाला निदान जळजळीने सूचना तरी मिळते. बाईला परमा झाला तर निम्म्याहून अधिक वेळा काहीच जाणवत नाही, आणि क्लॅमिडिया या अशाच संसर्गात तर बहुतेक स्त्रियांना काहीच लक्षण नसतं. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी राहतो, हळूहळू वर चढतो, बीजनलिकांना सूज येते, त्या चिकटतात. काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून सुनेला देवऋष्याकडे नेतात किंवा दवाखाने पालथे घालतात. नलिका कशाने बंद झाल्या हे विचारायचं तेव्हा कोणाच्या मनात येत नाही. नलिका अर्धवट बंद असेल तर गर्भ नलिकेतच राहतो आणि जिवावर बेततं.

जांघेत गाठ आली की 'अवधान आलंय' म्हणतात आणि पायाला कुठे काटा मोडला का ते बघतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण पायाला काही लागलेलं नसेल, गाठ मऊ पडून फुटायला आली असेल, किंवा महिन्याभरात जननेंद्रियावर जखम होऊन गेली असेल, तर ते अवधान डॉक्टरला दाखवायचं असतं. नागिणीच्या भावकीतला हर्पिस मात्र दुखतो. बारीक पाण्याचे फोड घोसाने येतात, फुटतात, चुरचुरतात, जातात आणि ताणात, आजारपणात पुन्हा येतात. असायक्लोव्हिरने त्याचा जोर कमी होतो, विषाणू शरीरातून जात नाही. सगळ्या आजारांची अशी जंत्री इथे देत नाही, त्यासाठी पुढची प्रकरणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, परमा, गरमी आणि ट्रिकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या आजारांची जगभरात ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली, आणि बहुतेकांना लक्षणं नव्हती.

बायकांच्या आजारपणाबद्दल बोलताना गडचिरोलीला गेल्याशिवाय गत्यंतर नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ते संशोधन जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. दर शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक आजार. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठ. तोपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच सरकारी कागदावर होतं. हा आकडा वाचून मला आजही अस्वस्थ वाटतं. त्या बायका आजारी असून कोणाच्या हिशेबात नव्हत्या. त्या स्वतःही त्याला आजार समजत नव्हत्या, बाईच्या जातीला हे असायचंच असं धरून चालल्या होत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर हेच ज्ञान बाईवर उलटतं. 'अंगावर पांढरं जातंय' असं सांगणाऱ्या प्रत्येक बाईला लिंगसांसर्गिक आजार असतो असं नाही. पाळीच्या चक्रात थोडा स्राव होणं स्वाभाविक आहे. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा ती बुरशी असते, ती मधुमेहात, गरोदरपणात किंवा अँटिबायोटिक घेतल्यावरही होते. माशासारखा वास येणारा स्राव बहुतेकदा योनीतल्या नेहमीच्या जंतूंचं संतुलन ढळल्यामुळे असतो. या दोन्हींवरून नवऱ्याने बायकोवर किंवा सासूने सुनेवर संशय घ्यायला काहीही आधार नाही. उलट, एकही थेंब जास्त न जाता आत मोठा संसर्ग असू शकतो. लक्षणं आहेत म्हणून रोग आणि लक्षणं नाहीत म्हणून निरोगी, ही दोन्ही समीकरणं बाईच्या बाबतीत खोटी ठरतात.

नवरा दवाखान्यात जातो, गोळ्या घेतो, बरा होतो. बायकोला काही सांगत नाही. तिला लक्षणं नसतात, उपचार होत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा पू सुरू होतो. मग गोळ्या बोगस होत्या, डॉक्टर अडाणी होता अशी चर्चा. खरं तर तो तिच्याकडून आपलाच रोग परत घेत असतो. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा, यावाचून दुसरा मार्ग नाही. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणजे कारण सांगावं लागतं. म्हणून या पुस्तकात औषधांच्या नावांपेक्षा जास्त पानं त्या बोलण्यावर खर्च झाली आहेत, आणि ते मला योग्य वाटतं.

दोष बाईच्या पदरात टाकण्याची रीत जुनी आहे आणि तिला कायद्याचं पाठबळही मिळालेलं आहे. इंग्रज सरकारने १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोग कायदा केला. गोऱ्या सैनिकांत गरमी-परमा फार वाढला म्हणून नोंद आणि सक्तीची तपासणी झाली ती वेश्यांची. रोगी ठरलेल्या बाईला खास रुग्णालयात कोंडून ठेवत. सैनिकांना त्या कायद्याने हात लावला नाही. विलायतेत आणि इथे बराच विरोध झाल्यावर १८८८ मध्ये कायदा गेला, पण त्यातला विचार गेला नाही.

मराठीत या विषयावर सरळ लिहिण्याची सुरुवात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी केली. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडणारे कर्वे आपल्याला ठाऊक असतात. त्यांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचंही पुस्तक लिहिलं होतं हे कमी जणांना माहीत असतं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, दंड भरला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकात जाहीर उत्तर देणं हा तेव्हा गुन्हा ठरला. आज तसा खटला होणार नाही, तरीही शाळेत हे प्रकरण आलं की मास्तर 'घरी वाचा' म्हणतात आणि घरी ते पान उघडत नाही. कर्व्यांचं ऋण मानून हे पुस्तक लिहिलेलं आहे, आणि त्यांच्याइतकंच स्पष्ट लिहिण्याचा प्रयत्न त्यात आहे.

दुसरं ऋण शेजारच्या जिल्ह्याचं. एचआयव्हीने नव्वदच्या दशकात महाराष्ट्राला घेरलं तेव्हा सांगली जिल्ह्याला त्याची मोठी झळ लागली. १९९२ मध्ये मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपदा ग्रामीण महिला संस्थेमार्फत, म्हणजे 'संग्राम'मार्फत, सांगलीच्या गोकुळनगरात काम सुरू केलं. तिथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनाच निरोध वाटण्याचं आणि एकमेकींना दवाखान्यात नेण्याचं काम त्यांनी सोपवलं. गिऱ्हाईक निरोध वापरायला नकार देतं तेव्हा काय बोलायचं, हे बाहेरून आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला सांगता येणार नव्हतं, ते त्यांनाच माहीत होतं. सगळ्या घरांनी एकच नियम धरला तर गिऱ्हाईक दुसरीकडे पळू शकत नाही, हे व्यवहारातलं शहाणपणही त्यांचंच. पुढे १९९६ मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. रोगाचा उगम म्हणून ज्यांच्याकडे शंभर वर्षं बोट दाखवलं गेलं, त्या रोग अडवण्याच्या कामात सगळ्यात पुढे होत्या. संसाराच्या आतल्या बाईला मात्र निरोध वापरा म्हणायचा अधिकार मिळाला नाही. एचआयव्ही झालेल्या आपल्याकडच्या असंख्य लग्नाच्या बायकांना तो नवऱ्याकडूनच आला आहे.

ट्रकवाल्यांना, ऊसतोडीला आलेल्या मजुरांना, मागावरच्या परप्रांतीयांना दोष देणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. घरापासून सहा-सहा महिने दूर राहणाऱ्याला धोका जास्त असतो हे खरं, पण तो अंतराचा आणि एकटेपणाचा परिणाम आहे, जातीचा किंवा जिल्ह्याचा नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनाही पूर्वी कायद्याच्या भीतीने दवाखाना टाळावा लागे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायदा बदलला. दवाखान्यातल्या नजरा बदलायला मात्र वेळ लागतो आहे.

आता उपचारांविषयी. सगळीकडे प्रयोगशाळा नाही म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणसमूहावरून उपचार देण्याची पद्धत बसवली. राखाडी, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा आणि काळा अशा सात रंगांचे औषधसंच. पू येत असेल तर राखाडी, न दुखणारी जखम असेल तर पांढरा, हर्पिससाठी लाल, जांघेतल्या गाठीसाठी काळा. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये ही औषधं मोफत मिळतात. वडगावच्या माणसाला जवळची मोठी सरकारी रुग्णालयं म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर आणि इचलकरंजीचं आयजीएम. कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. ही पद्धत चांगली आहे, पण तिची मर्यादा उघड आहे. ज्याला लक्षण नाही तो तिच्या जाळ्यात येतच नाही. म्हणून जोखमीचा संबंध आला असेल तर त्रास नसतानाही रक्त तपासून घ्यावं, गरमीसाठीची व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची, दोन्ही तपासण्या. लागण होऊन फार दिवस झाले नसतील तर पहिला अहवाल स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा डॉक्टर सांगतील त्या अंतराने दुसरी तपासणी चुकवू नये.

गरमीवर बेंझाथिन पेनिसिलिन अजूनही तितकंच गुणकारी आहे. सुरुवातीच्या अवस्थेत २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो, जुन्या संसर्गाला आठवड्याच्या अंतराने तीन लागतात. पेनिसिलिन १९४३ पासून या रोगावर वापरलं जातं आणि जंतूने अजून त्याला दाद देणं सोडलेलं नाही. परम्याची गोष्ट उलटी. त्याच्या जंतूने आधी पेनिसिलिन पचवलं, मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. आता सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी मोजकी औषधं हाताशी उरली आहेत, आणि त्यांनाही न जुमानणारा परमा जगात दिसू लागला आहे. मेडिकलच्या काउंटरवर 'जळजळीची गोळी द्या' म्हणून दोन गोळ्या घेणारा माणूस जंतूला मारत नाही, सराव देतो.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा लिंगसंबंधातून येणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे अनेक सुशिक्षितांनाही नवं वाटतं. एचपीव्ही हा तो विषाणू. त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना जबाबदार असतात. तो इतका सर्रास आढळतो की त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणं निव्वळ अन्याय आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो, काहींत राहतो आणि दहा-वीस वर्षं घेतो. तेवढी वर्षं आपल्याला मिळतात. ती वापरली तर काय होतं हे मराठवाड्याने दाखवलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी न झालेल्या गटाचं काय, हा नैतिक प्रश्न त्यावर विचारला गेला, आणि तो रास्त होता. पण उत्तर हाती आल्यानंतर आपल्या गावोगावी ती एक तपासणी अजून का पोचली नाही, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. मुलींना लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस २०२२ मध्ये मंजूर झाली.

एचआयव्हीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोकांना त्याविषयी त्यातल्या त्यात जास्त माहिती आहे. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली ठेवला तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. लागणीची शक्यता वाटली तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणं, निकाल फोडणं आणि नोकरीत वा उपचारांत भेदभाव करणं बेकायदेशीर ठरवलं आहे. गरमी किंवा हर्पिसची जखम असताना एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते, म्हणून हे सगळे आजार एकत्रच समजून घ्यायचे.

निरोध परमा, क्लॅमिडिया आणि एचआयव्हीला उत्तम अडवतो. गरमी, हर्पिस आणि एचपीव्ही झाकल्या न जाणाऱ्या कातडीवरूनही पसरतात, तिथे त्याचं संरक्षण अपुरं असतं पण शून्य नसतं. ताटवाटी, संडास, एकत्र झोपणं, विहिरीचं पाणी यातून यातला एकही लिंगरोग पसरतो असं मानून कोणाला घराबाहेर काढू नये. संबंधातूनही पसरणाऱ्या कावीळ ब वर लस आहे, जन्मलेल्या बाळाला ती पहिल्याच दिवशी देतात.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण गरोदरपणातल्या तपासणीवर आहे. आईची गरमी बाळाकडे जाते. पोटातच दगावणं, कमी दिवसांचं जन्मणं, जन्मतः आजारी असणं हे सगळं त्यातून होतं, आणि वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने ते टळतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत रक्त तपासतात. हे रक्त बाईचं घेतात, नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. तिचा अहवाल दोषी आला तर घरात पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो, कारण कागद तिच्या नावाचा असतो. दोघांचं रक्त एकाच दिवशी, एकाच टेबलावर घेतलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. त्यासाठी नर्सबाईंशी कसं बोलायचं, नवऱ्याने काय मागायचं, निकाल एकत्र कसा ऐकायचा हे त्या प्रकरणात सविस्तर दिलं आहे. ज्यांच्या घरात सध्या कोणी पोटुशी आहे, त्या पुरुषांनी पुस्तक तिथूनच वाचायला घ्यावं.